काळ्या कुंचीचा शोध

संक्रांत जवळ आली कीं आमच्यासारख्या घरांतून जुन्या पेट्या उघडल्या जातात. वर्षभर काळ्या रंगाला मंगलकार्यापासून दूर ठेवणारीं घरें या एका सणाला त्याचें कौतुकानें स्वागत करतात. आणि ज्या घरांत त्या वर्षीं तान्हें मूल असेल तेथें तर काळें झबलें, काळी कुंची, हलव्याचे दागिने यांची एकच धांदल उडते. मग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या सायंकाळीं त्या मुलाला पाटावर बसवून बोरें, चुरमुरे, उसाचे तुकडे आणि हलवा यांनीं त्याचें बोरन्हाण व्हावयाचें, शेजारच्या पोरांनीं तीं बोरें वेंचण्यासाठीं तुटून पडावयाचें आणि उत्सवमूर्तीनें मात्र भोकाड पसरावयाचें, हा सोहळा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं एकदां स्वतः रडून व पुढें अनेकदां दुसऱ्यांना रडतांना पाहून अनुभवलेला असेल.

यंदा आमच्या घरीं हा योग आला. थोरल्या पुतण्याला मुलगा झाला, आणि त्याच्या पहिल्या बोरन्हाणाची तयारी सुरू झाली. आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली एक कुंची आहे. आजीच्या चंद्रकळेची ती शिवलेली, आणि तिला लावलेला तांबडा-पांढरा काठ त्याहूनही जुना, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों. घरांतील तीन पिढ्यांचीं डोकीं तिच्या खालून गेलेलीं. वहिनींनीं पेटी उघडून ती बाहेर काढली, हलकेच झटकली, आणि तिचा अर्धा भाग त्यांच्या हातांतच राहिला. कापड घड्यांवर पार विरून गेलें होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवशीं रात्रीचीं जेवणें जरा मुकाट्यानेंच झालीं.

कुंची म्हणजे नुसती टोपी नव्हे, हें नव्या पिढीच्या माहितीसाठीं सांगणें अवश्य आहे. डोकें आणि कान झांकून तिचा घोळ मागें पाठीवर उतरतो, हनुवटीखालीं तिचे बंद बांधतात, आणि आंतलें मूल एखाद्या लहानशा देवासारखें दिसूं लागतें. खणाची, इरकलीची, जरीची अशी ती अनेक प्रकारची असते; पण संक्रांतीला काळीच हवी.

त्याच आठवड्यांत विठ्ठलवाडीला एका सभागृहांत महिला बचत गटांच्या हस्तकलेचें प्रदर्शन भरलें होतें. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला निघाली कीं पहिलेंच स्थानक विठ्ठलवाडीचें. रुळांच्या एका अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. आम्ही गेलों होतों तें तिळाच्या वड्या आणि मेतकूट घ्यावयास. पापड, कुरडया, कागदी आकाशकंदील, लोकरीचीं तोरणें यांच्या गर्दींतून पुढें सरकत असतां धाकट्या सूनबाई एकाएकीं थबकल्या. एका टेबलाच्या कडेला, दोन भडक पिशव्यांच्या आड, ती कुंची टांगलेली होती.

काळ्याभोर सुती कापडावर पांढऱ्या, तांबड्या आणि हळदी धाग्यांनीं भरलेलें तुळशीवृंदावन, त्याच्या दोन्ही बाजूंना राघू, आणि कडेकडेनें हत्तींची रांग. एकेक हत्ती करंगळीच्या नखाएवढा, पण त्याच्या पाठीवर अंबारीही होती! सूनबाईंनीं मोबाईलवर तिचें छायाचित्र घेतलें. आम्हीं किंमत विचारली. नऊशें रुपये. आम्हीं जन्मभराच्या संवयीनें पांचशें सांगितले, आणि वर अशी पुस्तीही जोडली कीं, "बाजारांत हीच अडीचशेंना मिळते."

टेबलामागील बाई शांतपणें म्हणाल्या, "हीच मिळत नसेल, काका. अशी मिळत असेल."

या उत्तरांतला नेमकेपणा तेव्हां आमच्या ध्यानांत आला नाहीं. आम्ही 'उद्यां येतों' असें सांगून वड्या घेऊन घरीं आलों. रात्रीं वहिनींनीं छायाचित्र पाहिलें, चष्मा पुसून पुन्हां पाहिलें, आणि एवढेंच विचारलें, "मग आणली कां नाहीं?" दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही पुन्हां विठ्ठलवाडीस गेलों तों प्रदर्शनाची आवराआवर चालली होती. कुंची तासापूर्वींच गेली होती. पूर्ण नऊशें रुपयांना.

घासाघीशींत वांचलेले चारशें रुपये खिशांत असून माणूस किती दरिद्री दिसूं शकतो, तें त्या वेळीं आमच्याकडे पाहून कोणालाही कळलें असतें.

अशीच दुसरी मिळेल काय, निदान ती करणारें कोण, एवढें तरी सांगा, अशी आम्हीं त्या बाईंना विनंती केली. पण त्यांनाही तें ठाऊक नव्हतें. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधील एका व्यापाऱ्यानें त्यांच्याकडे विक्रीसाठीं कांहीं नग दिले होते, त्यांतलीच ती एक. म्हणून रविवारीं सकाळीं सूनबाई आणि आम्ही उल्हासनगरला निघालों.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारों निर्वासित कुटुंबांची सोय तिच्या बराकींत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें पायाभरणी होऊन त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. रिकाम्या हातांनीं आलेल्या त्या लोकांनीं शिवणकाम आणि कापडाचा व्यापार असा वाढविला कीं, आज लग्नसराईंत कल्याण-डोंबिवलीचें निम्में खरेदीवाईक गजानन मार्केटच्या गल्ल्यांतून फिरतांना दिसतें.

व्यापारी वयस्क सिंधी गृहस्थ होते. आम्हीं मोठ्या अपेक्षेनें छायाचित्र पुढें केलें. त्यांनीं तें पाहिलें न पाहिलें, आणि म्हणाले, "सुलट बाजू काय दाखवतां? उलटी दाखवा." उलटी बाजू आम्हीं पाहिलीच नव्हती, मग छायाचित्र कोठलें? त्यावर त्यांनीं गल्ल्याजवळच्या ढिगांतून एक चकचकीत झबलें काढून उलटें केलें. नक्षी कोणतीही असो, पाठीमागें सगळीकडे तोच एक पांढरा दोरा होता, आणि कापडाला चिकटवलेला कागदासारखा पातळ थर. "हें यंत्राचें काम. समोरून सुंदर, मागून सगळें सारखें. हाताचें काम मागून ओळखतां येतें."

मग त्यांनीं स्वतः होऊन एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घरीं सिंधहून आणलेला भरतकामाचा एक रुमाल आहे. त्यावर एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांची ती जाळीदार नक्षी आहे, जिला आपल्याकडील भरतकामाच्या पुस्तकांतून 'सिंधी टांका' असें म्हणतात. "तुमच्या आईचें काम काय?" असें सूनबाईंनीं विचारलें. ते क्षणभर थांबले. "आईचें, कीं तिच्या आईचें, कोण जाणे. विचारायचें राहून गेलें. आतां विचारायला कोणी नाहीं." आणि लगेच व्यापारी होऊन त्यांनीं आम्हांला ती कुंची शिवून देणाऱ्या शिंप्याचा पत्ता दिला. तो पत्ता विठ्ठलवाडीचा होता.

शिंपीदादा एका इमारतीच्या जिन्याखालीं यंत्र मांडून बसले होते. त्यांनीं छायाचित्र ओळखलें. "शिवण माझी. पण भरलेलें कापड आजींकडून येतें. जा ना, हा हॉल दिसतो ना, त्याच्या मागची गल्ली." ज्या सभागृहांत आम्हीं कुंची पाहिली, त्याच्या पाठीमागें शंभर पावलांवर ती करणारे हात राहत होते, आणि आम्ही मात्र उल्हासनगरचे बाजार पालथे घालून आलों होतों. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, हें आम्ही मुलांना शिकवीत आलों. तें स्वतःवर ओढवण्यास इतकीं वर्षें लागलीं.

आजींचें वय ऐंशींच्या पुढें. मराठी स्वच्छ, पण धारवाडी हेलाचें. लग्न होऊन कल्याणला येऊन साठ वर्षें होऊन गेलीं, असें त्यांनीं सांगितलें. धारवाड आणि बेळगांव हे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यांतच होते. त्यामुळें तिकडच्या आणि इकडच्या घरांची सोयरीक जुनी. त्या भागांतील बायकांच्या हातीं जी भरतकामाची कला पिढ्यान् पिढ्या खेळत आली तिचें नांव कसुती. कन्नडमध्यें 'कै' म्हणजे हात; हात आणि सूत मिळून कसुती, अशी तिची व्युत्पत्ति सांगतात. नववधूच्या काळ्या चंद्रकळेवर हें काम असावें अशी तिकडे रीत होती.

आम्हीं प्रथमच आमचा अपराध कबूल केला. पांचशेंला मागून सोडून गेलेले ते आम्हीच, असें सांगितलें. आजी मोकळेपणानें हंसल्या. "घासाघीस मीसुद्धां करते, भाजीवाल्याशीं. पण त्यानं भेंडी धागे मोजून केलेली नसते!"

ही धागे मोजण्याची गोष्टच या कलेचें मर्म आहे. कसुतींत कापडावर आधीं चित्र काढीत नाहींत, छापा उठवीत नाहींत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजावयाचे आणि त्या हिशेबानें सुई घालावयाची. एक धागा चुकला कीं हत्तीची सोंड वांकडी. आजींनीं खिडकीपाशीं बसून आम्हांला चारही टांके घालून दाखविले. पहिला गवंती. यांत सुई एक घर भरून एक घर रिकामें सोडीत पुढें जाते आणि परततांना सोडलेलीं घरें भरीत येते. म्हणून रेघ दोन्ही बाजूंनीं सारखीच उमटते. दुसरा मुरगी, तोही तसाच, पण जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरपा चढणारा. तिसरा नेयगी, 'नेयु' म्हणजे विणणें, आणि हा टांका इतका घट्ट, आडवा भरतात कीं नक्षी सुईनें भरलेली नसून मागावर विणलेली वाटावी. चौथा मेंथी, मेथीच्या दाण्यांवरून नांव पडलेला फुलीचा टांका. गवंती आणि मुरगी यांना कोठें गांठ मारलेली चालत नाहीं; धाग्याचें टोंक टांक्यांतच लपवावें लागतें. जातांना सोडलेली वाट परततांना नेमकी सांपडली पाहिजे, म्हणून सुई घालण्यापूर्वींच सारा प्रवास मनांत आंखलेला असावा लागतो.

हाच गवंतीचा टांका जगाच्या दुसऱ्या टोंकालाही होता, हें वाचकांस मौजेचें वाटेल. सोळाव्या शतकांत हान्स होल्बाइन या चित्रकारानें काढलेल्या व्यक्तिचित्रांत स्त्रीपुरुषांच्या बाह्यांवर आणि गळपट्ट्यांवर असें काम दिसतें, म्हणून युरोपीय भरतकामांत त्याला होल्बाइन टांका म्हणतात. तो टांका घालणाऱ्या बायकांचीं नांवें अर्थातच राहिलीं नाहींत. राहिलें तें चित्रकाराचें.

आतां हिशेब. त्या कुंचीला आजींना सतरा दिवस लागले. रोज सकाळीं ऊन खिडकींत येतें तेवढे दोन तास, कारण काळ्यावर काळे धागे मोजणें दिव्याच्या उजेडांत त्यांना जमत नाहीं. त्याचे त्यांना साडेतीनशें रुपये मिळाले. म्हणजे तासाला सुमारें दहा. शिंप्याचे शंभर. व्यापाऱ्यानें ती साडेसहाशेंना पुढें दिली, आणि बचत गटाच्या बाईंनीं जागेचें भाडें व येण्याजाण्याचा खर्च धरून नऊशेंना विकली. या साखळींत लुटारू असा कोणीच आम्हांला दिसला नाहीं. प्रत्येकानें आपापला संसार सांभाळला. परंतु साखळीच्या या टोंकाला उभें राहून ज्यानें पांचशें सांगितले त्याला त्या टोंकाचे सतरा दिवस दिसत नव्हते, हें खरें. आणि तो ग्राहक कोण होता तें वर सांगितलेंच आहे.

दुसरी कुंची करून द्याल काय, असें आम्हीं विचारलें. आजींनीं मान हलविली. काळ्या कापडावरचें मोठें काम तें शेवटचें. डोळे आतां नाहीं म्हणतात. आम्ही उठणार तोंच वहिनींनीं (पत्ता सांपडल्याचें कळतांच त्याही रिक्षा करून आल्या होत्या) पिशवींतून आमची ती विरलेली कुंची काढली आणि संकोचानें म्हणाल्या, "हिचं कांहीं होण्यासारखं आहे का, तेवढं पाहा."

आजींनीं ती हातांत घेतली, आणि पहिल्याप्रथम उलटी केली. मग तिचा तो तांबडा-पांढरा काठ खिडकीजवळ नेला. बराच वेळ त्या बोट फिरवीत राहिल्या. "हा काठ विणलेला नाहीं," त्या म्हणाल्या. "नेयगी आहे. हातानं भरलेला आहे. आमच्याकडचा."

आमच्या घरांत तीन पिढ्या त्या काठाला मागावरचा काठ समजत होत्या. तो कोणीं भरला? आजीच्या आई बेळगांवकडच्या होत्या, एवढें आम्हांला ठाऊक आहे. त्यांचें माहेरचें नांवही नक्की सांगणारें आज घरांत कोणी नाहीं. काठ त्यांनीं भरला, कीं त्यांच्या आईनें, कीं लग्नांत कोणा आत्येनें दिला, तें कळण्याचा मार्ग उरलेला नाहीं. सिंधी व्यापाऱ्याचें तें 'विचारायचें राहून गेलें' आम्हीं मोठ्या सहानुभूतीनें ऐकलें होतें. तें वाक्य आपलेंच आहे हें मात्र विठ्ठलवाडीच्या त्या खिडकींत कळलें. परक्याच्या हातची कुंची हुडकीत आम्ही दोन गांवें हिंडलों, आणि स्वतःच्या पेटींतील कुंचीविषयीं आम्हीं कधीं एक प्रश्नही विचारला नव्हता.

हा विसर आजचा नाहीं. ज्या कल्याणच्या सावलींत विठ्ठलवाडी वसली आहे, त्या बंदरांतून कापड परदेशीं जात असल्याचें सहाव्या शतकांतील कॉस्मास या ग्रीक लेखकानें नमूद केलें आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखांत तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० व १००० कार्षापणें ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. पण नांव श्रेणीचें, विणकराचें नव्हे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत एका गृहस्थानें आयुष्यभर हिंडून जमविलेले आणि १९६२ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलेले दिवे, अडकित्ते आणि फण्या पाहून आपण थक्क होतों. जमविणाऱ्यानें दारावर आपल्या दिवंगत मुलाचें नांव लावलें, तें योग्यच आहे. घडविणाऱ्यांचीं नांवें त्याला तरी कोण सांगणार होतें? आजच्या काळांत १९९९ च्या कायद्यान्वयें पैठणीला, इरकलीला, कसुतीलाही भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्यानें नकलेला आळा बसावा हें उत्तमच; परंतु तें मानांकनही गांवाचें आणि कलेचें नांव राखतें. हाताचें नांव राखणें हें सरकारचें काम नव्हे. तें घरचें काम आहे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. जुन्या काठाचे जेवढे तुकडे धड होते तेवढे आजींनीं काढून दिले. नवें काळें कापड आणलें, त्यावर ते तुकडे शिंपीदादांनीं बसविले. आजींनीं मध्यभागीं एकच तुळशीवृंदावन भरलें. तेवढें डोळ्यांनीं ऐकलें. त्याची त्यांनीं जी मजुरी सांगितली ती आम्हीं अवाक्षर न काढतां दिली. हत्ती मात्र त्यांनीं सूनबाईंकडून भरून घेतला. सलग आठ दिवस सूनबाई कचेरींतून परततांना विठ्ठलवाडीला उतरत, आणि आजींच्या शेजारीं बसून धागे मोजीत. तीनदां हत्ती उसवला. चौथ्यांदां जो उभा राहिला तो हत्तीपेक्षां रानडुकराशीं अधिक मिळताजुळता आहे, असें पुतण्याचें मत पडलें. पण उलट्या बाजूनेंही तें रानडुक्कर हुबेहूब तसेंच दिसतें, आणि आजींच्या मतें परीक्षेचा खरा गुण तोच.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशीं बोरन्हाण झालें. बाळानें पहिल्या बोरासरशीं सूर लावला, दुसऱ्या मुठीला कुंची ओढून कानाखालीं आणली, आणि हलव्याचा हार तोंडांत घातला. आजींना सूनबाई स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या. त्यांनीं बाळाला ओवाळलें, आणि गर्दी पांगल्यावर हळूच कुंची उलटी करून पाहिली.

त्या रात्रीं कुंची घडी करून पेटींत ठेवतांना वहिनींनीं आंत एक चिठ्ठी ठेवली. वृंदावन कोणीं भरलें, त्यांचें माहेर कोणतें, सासर कोणतें, हत्ती कोणाचा, शिवण कोणाची, बोरन्हाण कोणत्या तिथीला झालें, आणि काठापुढें, 'बहुधा पणजीबाई, बेळगांव, नक्की ठाऊक नाहीं' असें सारें तींत लिहिलें आहे. मग त्यांना राहवेना. पेटींतील दुसरें सामान उपसून, ज्याची त्याची माहिती घरांतल्या वडील माणसांना झोपेंतून उठवून विचारण्यास त्यांनीं आरंभ केला. आमच्या वाचकभगिनींनींही आपल्या पेट्या उघडतांना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, आणि ज्यांना विचारावयाचें तीं माणसें घरांत आहेत तोंवर विचारून घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे.

आजींचें नांव या लेखांत कोठेंही नाहीं, ही गोष्ट चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आली असेल. आम्ही तें छापणार होतों. त्यांनींच हात जोडले. "नांव छापलंत तर चार माणसं दारांत येतील. 'नाहीं' म्हणायला मला जमत नाहीं, आणि डोळे दोनच आहेत." तेव्हां तें आम्हीं छापलें नाहीं. पण आमच्या पेटींत तें आहे, आणि तिच्याजवळ बसून सूनबाई सध्यां दुसरा हत्ती भरीत आहेत.